पाटलांच्या मोटारीतली रेडिओची पेटी

आमच्या मिस्तरींना फटीचा राग होता. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नव्हती आणि सगळं शहादं त्यांना मिस्तरीच म्हणायचं, म्हणून लिहितानाही मी तेच म्हणते. लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये नख शिरलं तर या माणसाला जेवण जायचं नाही. बाकीचे सुतार दार बसवताना चौकटीत थोडी ढील सोडतात, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. मिस्तरींनाही कळत होतं, पण ढील सोडणं म्हणजे हात चुकणं, असं माझ्या सासऱ्यांनी त्यांच्या टाळक्यात लहानपणीच ठोकून बसवलं होतं. त्यामुळे त्यांनी केलेली दारं उन्हाळ्यात बघत राहावीत अशी बसायची आणि आषाढ लागला की उघडायची नाहीत. एका मास्तरांचं अख्खं कुटुंब खिडकीतून ये-जा करत होतं. मास्तर भिजत भांडायला आले, तर मिस्तरी रंधा उचलून त्यांच्यामागे निघाले आणि जाता जाता म्हणाले, "दार बेस शे, मास्तर. पाऊसच जास्ती व्हयना."

आमच्या ओट्यासमोर, गल्लीच्या पलीकडे खोगीरवाल्यांचं दुकान होतं. मुसलमान कुटुंब, पिढ्यान् पिढ्या शहाद्यातलंच. घोड्याचं खोगीर, लगाम, बैलांचे पट्टे, विहिरीवरची मोट, जे जे म्हणून कातड्याचं ते त्यांच्याकडे. ते आणि मिस्तरी एका वयाचे. मिस्तरी टांग्याचा सांगाडा करायचे, आणि त्याच टांग्याची गादी नि घोड्याचा साज खोगीरवाले करायचे. दोघं दिवसभर आपापल्या ओट्यावर बसून हात चालवायचे आणि गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जातील अशा शिव्या एकमेकांना द्यायचे. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला वाटलं, या दोन घरांत खून पडायचा राहिलाय. सासूबाई शेंगा फोडत म्हणाल्या, "भांडन नही शे वो. गप्पा मारी ऱ्हायनात."

खोगीरवाल्यांच्या बायकोशी माझं लवकरच जमलं. मी तिला ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, द्यायची, ईदेला ती शीरखुर्मा पाठवायची, आणि मधल्या काळात आम्ही दोघी मिळून आमच्या नवऱ्यांची निंदा करायचो. त्या सुखाला तोड नव्हती. दुसऱ्या बाईची निंदा करणाऱ्या बायका कुठंही भेटतात. स्वतःच्या नवऱ्याची मन लावून निंदा करणारी आणि ती बाहेर न नेणारी मैत्रीण मला पुढं कधी मिळाली नाही.

साठ साल उलटलं. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, आम्ही धुळ्यात मोडत होतो. एस.टी.च्या गाड्या वाढल्या तसे टांगे कमी झाले. गुजर शेतकऱ्यांच्या विहिरींवर इंजिनं फटफटायला लागली, तशा मोटा गोठ्यात जाऊन पडल्या. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत एके काळी खोगीरवाल्यांचा माल गाडीतून उतरायच्या आत विकला जायचा. त्या वर्षी त्यांची बैलगाडी जशी भरून गेली तशीच भरून परत आली. त्यांचा मेहुणा सुरतेला चामडी बॅगांच्या कारखान्यात होता. तो केव्हापासून बोलावत होता.

बिबड्या वाळत घालताना त्यांच्या बायकोनं मला सांगितलं, "भाभी, लगीनसराई सरनी का आम्ही सुरतले जातस." माझ्या हातातली बिबडी सरळ पडली नाही. मला ती जायला नको होती. झालं, सांगून टाकलं. त्या गल्लीत मला दुसरं माणूस नव्हतं.

त्या दिवशी जेवताना मी मिस्तरींना म्हटलं, "भाई सुरतले जाई ऱ्हायनात."

"हां," मिस्तरी म्हणाले आणि वरण मागितलं.

"मंग तुम्ही त्यासले काही बोलनात का?"

"मी काय बोलू? त्याना पाय, त्यानी सुरत."

मग ते ओट्यावर गेले आणि सगळ्या पटाशांना धार लावत बसले. सगळ्या पटाशांना आधीच धार होती.

अशात एक दिवस तापीकाठचे एक गुजर पाटील मोटार घेऊन दारात आले. मोटार कुणा सुरतेच्या व्यापाऱ्यानं वापरून विकलेली, काळी आणि सगळीकडून फुगलेली. पाटलांच्या चुलतभावानं आदल्या वर्षी मोटार घेतली होती, म्हणून यांनीही घेतली. पण चुलतभावाच्या मोटारीत रेडिओ नव्हता. पाटलांनी मुंबईहून मोटारीचा रेडिओ मागवला. वैशाखात मुलाचं लग्न होतं. नवरदेव मोटारीत, मोटारीत रेडिओ आणि चुलतभाऊ रस्त्याच्या कडेला, असं त्यांचं साधं स्वप्न होतं.

अडचण एकच होती. मोटार रेडिओच्या जमान्याआधीची होती. रेडिओचं यंत्र आणि आवाजाचा तो वेगळा गोल भोंगा ठेवायला तिच्यात जागा नव्हती. पुढच्या दोघांच्या पायांवर, काचेखालच्या फळीला लागून एक लाकडी पेटी बसवायची होती.

"साधी पेटी कर, मिस्तरी. वर वार्निश मार," पाटील म्हणाले.

मिस्तरींनी कान खाजवला. ते कान खाजवतात तेव्हा खोटं बोलणार, हे मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

"साधी? पाटील, मुंबईले कोनी साधी पेटी बसाडस नही. चामडं मढेल ऱ्हास."

मिस्तरींनी मुंबई पाहिली नव्हती. धुळं पाहिलं होतं, तेही कोर्टात साक्षीला गेले म्हणून. मी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होते, मलाच ठसका लागला. पाटलांना मात्र पटलं. मुंबई म्हटल्यावर पाटलांना काहीही पटायचं. त्यांनी एवढंच विचारलं, की मोटारीत त्यांची आई बसणार, तर गाईचं कातडं तर नाही ना? मिस्तरी म्हणाले, म्हशीचं, खोगिराचं, आणि करणारा माणूस हा समोरच बसलाय.

पेटीचं काम सुरू झालं. खापर गावच्या बाजारातून आणलेलं जुनं, खडखडीत वाळलेलं सागवान घरात होतं, ते काढलं. मोटारीच्या पोटात एकही रेघ सरळ नव्हती, म्हणून मिस्तरींनी माझ्या शालूचं पुठ्ठ्याचं खोकं कापलं आणि त्याचा नमुना करायला मोटारीत उताणे झोपले. पाय दाराबाहेर. कुणी तरी गल्लीत बातमी पसरवली की मिस्तरी मोटारीखाली आले. लोक हळहळत आले आणि पाय हलताना बघून निराश होऊन गेले.

पेटीला एकही खिळा नाही. आमच्या रस्त्यांवर खिळा सैल होणार आणि आवाजाबरोबर खरखरणार, म्हणून कोपऱ्यांना दात पाडून ते एकमेकांत अडकवले आणि सरस घालून आवळले. भोंग्याचं गोल भोक आखायला माझी पिठाची चाळणी नेली. मग ओट्यावर मोटारीची बॅटरी ठेवून रेडिओ लावून पाहिला, तर बोलणारा माणूस रांजणात तोंड घालून बोलतोय असं वाटलं. मी जुनी उशी उसवली आणि आतला कापूस पेटीच्या मागच्या अंगाला कोंबला. घुमणं गेलं, माणूस रांजणाबाहेर आला. मिस्तरींनी पुढं आयुष्यभर सांगितलं की कापसाची युक्ती त्यांची. सांगू देत. उशी माझी होती.

सगळं झाल्यावर त्यांनी पेटी घासली. घासून झाली, परत घासली, आणि मग लाखेचं पॉलिश चढवलं. ज्यावर कातडं चढायचंय त्या लाकडाला कुणी आरसा करतं का? मी तेव्हाच विचारायला हवं होतं, पण ते इतक्या आनंदात होते की मी भाकऱ्या थापत राहिले. पाटलांची मोटार दारात होती. मिस्तरींनी पेटी हळूच जागेवर सरकवली. आतली हवा फुस्स करून बाहेर आली आणि पेटी बसली. चारही बाजूंनी पाहा, कुठं केस जाईल तर शपथ. अख्खी गल्ली बघून गेली. जे दार उघडत नाही म्हणून शिव्या घालायचे, तेही वाहवा करून गेले.

सगळ्यांत शेवटी खोगीरवाले आले. कमावलेल्या कातड्याची घडी खांद्यावर होती. त्यांनी वाकून पेटी पाहिली, कडेकडेनं अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठंच अडकलं नाही.

"वा," ते म्हणाले. "आनि मन्हं चामडं कोठे बसाडू? तुन्हा डोकावर?"

मिस्तरींचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. कातडं पेटीवरून जाणार, कडेला दुमडून आत वळणार. म्हणजे प्रत्येक बाजूनं पेटी कातड्याच्या जाडीइतकी लहान करायला हवी होती. ज्या माणसानं स्वतःच्या तोंडानं पाटलांना कातड्याची थाप मारली, त्यानं कातड्यासाठी सुताइतकीही जागा ठेवली नव्हती. मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबून मी आत पळाले.

पण ते हसण्यावारी गेलं नाही. मिस्तरी म्हणाले, "तू चामडं पातळ कर." खोगीरवाले म्हणाले, "तू लाकूड तास." मिस्तरी म्हणाले, बसलेलं काम मी उठवत नाही. खोगीरवाले म्हणाले, खोगिराचं कातडं कागदासारखं तासलं तर वर्षात फाटतं, आमच्या आजाच्या हातची खोगिरं घोड्यांना पुरून उरली. "मी काय पाकीट शिवी ऱ्हायनू?" मग पेटी काढून आमच्या ओट्यावर गोणपाटाखाली गेली, कातड्याची गुंडाळी त्यांच्या ओट्यावर राहिली, आणि दोघं तोंड फिरवून बसले.

सगळ्यांत वाईट म्हणजे शिव्या थांबल्या. गल्ली इतकी शांत झाली की येणारी-जाणारी माणसं विचारायला लागली, कोण गेलं? दोन्ही ओट्यांवर हातोडे तेवढे वाजत होते, तेही एकमेकांना चुकवून. पाटलांचा गडी निरोप घेऊन आला की लग्न तोंडावर आलंय. तेव्हा खोगीरवाले बायकोला म्हणाले, पण आवाज आमच्या चुलीपर्यंत येईल असा, "नागडीच पेटी दी टाका म्हना पाटीलले. माले काय, मी तं सुरतले जाई ऱ्हायनू." दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पितळेची भांडी गोण्यांत भरलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

मी भडकले. मिस्तरी दुपारचे जेवायला बसले होते. मी म्हटलं, "तुम्हले भाई आठे ऱ्हावाले पाहिजे ना? मंग सांगा ना तोंडघाई!"

"सांगं ना मी."

"कव्हय?"

"पाटीलले बोलनू ना, चामडं पाहिजे म्हनीसन."

या माणसानं मित्राला थांबवायला एका पाटलाला, त्याच्या मोटारीला आणि मुंबई शहराला कामाला लावलं होतं. मित्राला मात्र अवाक्षर बोलले नव्हते. आणि वर त्यांना खरोखर वाटत होतं की आपण सगळं स्पष्ट सांगून टाकलंय. सुतार काय, सरदार काय, पुरुषाची जात इथून तिथून अशीच.

मी उठले, ओट्यावर गेले, पेटीवरचं गोणपाट फेकलं आणि जाड दातांची कानस घेऊन त्या आरशासारख्या अंगावर उभी ओढली. खर्रर्र. तो आवाज मला फार आवडला, म्हणून दुसऱ्या बाजूवर ओढली. मग राहिलेल्या बाजूंचाही राग कशाला ठेवायचा? मिस्तरी हातात भाकरीचा तुकडा घेऊन दारात आले. समोरच्या ओट्यावर कातडं टोचणारी आरी थांबली.

"आते तासा," मी म्हटलं, "नही तं पाटीलले हाई दाखाडा."

मिस्तरींना ते ओरखडे सहन होण्यासारखे नव्हतेच. हातही न धुता त्यांनी रंधा उचलला. एका बाजूचा ओरखडा जाईपर्यंत तासलं, की दुसऱ्या बाजूशी मेळ बसेना, मग तीही तासायची. लाकडाच्या भुग्याबरोबर त्यांचे उसासे पडत होते. कधी तरी खोगीरवाले गल्ली ओलांडून आले. कातड्याचा एक तुकडा त्यांनी पेटीच्या कडेला धरला, लांबून पाहिलं आणि म्हणाले, "आजून." मिस्तरींनी रंधा मारला. "आजून." परत रंधा. "बस."

मग कुणी न सांगता खोगीरवाल्यांनी कमरेची रापी काढली, आणि जिथं कातडं दुमडून आत वळणार होतं तेवढ्या कडा पातळ तासून घेतल्या. पाकीट शिवणारे नव्हते ना ते? पण तासल्या. मिस्तरींनी पाहिलं आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

"आते लाकूड खरवड," खोगीरवाले म्हणाले. "गुळगुळीतवर सरस धरस नही. भाभीनी बराबर करं व्हतं."

म्हणजे जे ओरखडे घालवायला मिस्तरींनी अर्धा दिवस घाम गाळला, तसेच ओरखडे त्यांना स्वतःच्या हातानं परत मारावे लागले. त्या दिवसाइतका गोड चहा मी कधी केला नाही.

सरस माझ्या चुलीवर, माझ्या पातेल्यात शिजला. तो वास घरातून जायला पावसाळा उजाडला, आणि पातेलं गेलं ते गेलंच. खोगीरवाल्यांनी कातडं भिजवून पिळलं, ओलंच पेटीवर घातलं. मिस्तरींनी पेटी गुडघ्यांत धरली आणि खोगीरवाल्यांनी दातओठ खाऊन ओढलं, मधूनमधून गुळगुळीत हाडानं घासून आतली हवा बाहेर काढली. कोपऱ्यावर कातडं गोळा होतं तिथं त्यांनी बारीक चुण्या घातल्या आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं खोगिराचा टाका घातला. भोंग्यापुढं मात्र कातडं ठेवायचं नाही, तिथं जाळीचं कापड लावलं, कारण ओलं कातडं वाळून ताणलं की त्याचा ढोल होतो. हे सगळं करताना मिस्तरींच्या बोटाला सुई लागली आणि त्यांनी खोगीरवाल्यांच्या खानदानाचा उद्धार केला. खोगीरवाल्यांनी आनंदानं परतफेड केली. गल्लीतल्या म्हातारीनं खिडकी उघडून डोकावलं आणि समाधानानं परत लावून घेतली.

पेटी मोटारीत बसली. या वेळी हवेचा आवाज आला नाही, कातडं लाकडावर घासल्याची एक हलकी कुरकुर आली. मी मैत्रिणीच्या अंगणात जाऊन आले. गोण्या तशाच बांधलेल्या होत्या. "मंग?" मी विचारलं. ती म्हणाली, "देखूत." मला रडू आलं, ते मी तिच्यावर रागावून लपवलं.

वैशाखात पाटलांनी आम्हां दोन्ही घरांना लग्नाला बोलावलं. वरात निघण्याआधीच्या पंगतीत पाटील वाढायला फिरत मिस्तरींपाशी थांबले आणि खुशीत म्हणाले, "मिस्तरी, खरं सांगू? तू चामडं म्हनं तव्हय माले खोटं वाटनं. त्याच दिनले मी समोर खोगीरवालाले जाईसन विचारं, मुंबईले खरंच चामडं मढेल ऱ्हास का? तो म्हने, सगळास्ना मढेल ऱ्हास, मी मन्हा डोयाघाई देखेल शे." मिस्तरींचा हात पत्रावळीवरच राहिला. खोगीरवाले सारंगखेड्यापलीकडे गेले नव्हते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी पुढचं जेवण तसंच सोडलं आणि उठले.

वरात निघाली. पुढं बँड, मागं मोटार, मोटारीत नवरदेव आणि रेडिओ. बँडपुढं रेडिओ ऐकू येईना म्हणून मुंडावळ्या बांधलेला नवरदेव सारखा वाकून आवाज वाढवत होता. त्या वेळी रेडिओवर बाजारभाव लागले होते. कापूस, शेंगदाणा आणि मिरचीचे भाव ऐकत तो बिचारा लग्नाला चालला होता. चुलतभाऊ रस्त्याच्या कडेला होता, पण हसत होता. आणि मग मांडवाच्या अलीकडच्या चढावर रेडिओनं बॅटरी पिऊन टाकली. भाव थांबले, मोटारही थांबली.

वऱ्हाडी धक्का मारायला धावले. मिस्तरी आणि खोगीरवाले मागे खांद्याला खांदा लावून रेटत होते. बँडवाले मोटारीची वाट बघत जागेवरच जोरात वाजवत होते. आम्ही बायका बाजूनं चाललो होतो. तेवढ्यात मिस्तरींनी मान वळवली आणि नव्या नवरीला लाज वाटावी इतके लाल होऊन ओरडले, "भाई, जाऊ नको!"

खोगीरवाल्यांनी कानामागं हात धरला. "काय?"

"सुरतले जाऊ नको म्हनस!"

"ऐकू येत नही! बँड वाजी ऱ्हायना!"

माझ्या मैत्रिणीनं ओढणीत तोंड दाबलं आणि माझ्या कानाला लागून म्हणाली, "सुरतले तं त्यासनी कवयच नही म्हनीसन धाडं. पाटील विचारी गया ना, त्याच दिनले." मी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती लग्नात ओरडली. सुरतेला नकार केव्हाच गेला होता, आणि तरी गोण्या बांधून मला रडवलं होतं तिनं.

मोटारीमागं आमचे मिस्तरी, ज्यांनी आयुष्यात मला कधी "बरं झालं तू आलीस" एवढंही म्हटलं नव्हतं, ते चारचौघांत गळ्याच्या शिरा ताणून परत ओरडत होते, "जाऊ नको! तू गया तं मी कोनासंगे बोलू?" खोगीरवाल्यांनी परत कानाला हात नेला, मग काढला. त्यांचे डोळे भरले होते.

"हां, हां," ते म्हणाले. "जोर लाव, मिस्तरी."

मी बायकांच्या घोळक्यात त्यांच्यापेक्षा कितीतरी लांब होते. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.